फिंगर वेव्ह आणि पिन कर्ल घरी: पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही

सेलूच्या एका मुलीने विचारलंय: "ताई, आमच्या कॉलेजची एकांकिका आहे. त्यात मी १९३५ सालच्या मुंबईच्या नटीचं काम करते. जुन्या फोटोत दिसतात तशा कपाळालगतच्या लाटा आणि मानेजवळ कुरळ्या बटा पाहिजेत. माझे केस कंबरेपर्यंत, सरळ आणि दाट आहेत. इथल्या एका पार्लरमध्ये मशीनने करून घेतले, तालीम अर्ध्यावर आली तोवर सरळ झाले. व्हिडिओ बघून घरी दोनदा केलं, नुसता चिकटा झाला. केस कापावेच लागतील का? घरी जमतं का हे?"

जमतं, आणि केसाला कात्री लावायची काही गरज नाही. मी सत्तावीस वर्षं लातूरला पार्लर चालवते. नवरीच्या मेकअपवर घर चालतं, पण जीव रमतो तो नाटकाच्या पोरींचे केस करताना. म्हणून जरा बयाजवार सांगते.

आधी एक समजून घे. मशीनची बट आणि ही लाट एक नव्हे. आपला केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याच्या आत हायड्रोजनचे बंध असतात. केस पूर्ण भिजला की ते सुटतात, आणि वाळताना केस ज्या वळणात असेल त्या वळणात पुन्हा जुळतात. ओल्या केसांची वेणी घालून झोपलीस की सकाळी वेणी सोडल्यावर केसांना पन्हाळी पत्र्यासारखी वळणं पडलेली असतात ना, तेच हे. मशीन कोरड्या केसाला दहा सेकंद तापवतं आणि सोडतं. तुझ्यासारख्या दाट, लांब केसांचं वजनच एवढं की ती बट ओढली जाऊन तासाभरात उलगडते. ओल्यात बसवून पूर्ण वाळवलेली लाट मात्र पाणी किंवा घाम लागेपर्यंत सुटत नाही. तुझा घरचा प्रयोग फसला तो हात चुकल्यामुळे कमी आणि ओल्यात सोडल्यामुळे जास्त, असं मला वाटतं.

दुसरा प्रश्न केस कापण्याचा. पॅरिसच्या मार्सेल ग्रातो या केशकर्त्याने १८७२ च्या सुमारास तापलेल्या चिमट्याने केसांना लाटा पाडायची रीत काढली. पुढे १९२० च्या दशकात तिकडच्या बायकांनी केस कानापर्यंत आखूड केले, आणि चिमटा न तापवता ओल्या केसांवर नुसत्या बोटांनी नि कंगव्याने लाटा बसवायची पद्धत घरोघर पोचली. म्हणून नाव फिंगर वेव्ह. आपल्याकडे १९३१ साली बोलपट आले, आणि पडद्यावरच्या नट्यांनी ही तऱ्हा उचलली. पण सगळ्यांनी केस कापले नाहीत. देविका राणीचे त्या काळातले फोटो काढून नीट बघ. भांगापासून कानापर्यंत लाट, आणि मागे केस बांधलेले. तुझ्या भूमिकेला हेच शोभेल: पुढे फिंगर वेव्ह, मागे मानेवर सैल अंबाडा, आणि अंबाड्याखाली, कानामागे पिन कर्लने, म्हणजे ओली बट गोल गुंडाळून पिनांनी बसवून, केलेल्या चार-सहा बटा. कंबरेपर्यंतच्या केसांना टोकापर्यंत फिंगर वेव्ह पाडायच्या नसतातच. लाट डोक्याला चिकटून असते तोवरच ती लाट.

(तुमच्या एकांकिकेत त्याच काळातली मराठवाड्यातली, निजामाच्या राज्यातली बाई असेल तर तिच्या डोक्यावर मात्र हे चुकूनही नको. तिचा घट्ट खोपा आणि नऊवारी. दोघी एका प्रवेशात समोरासमोर आल्या तर नुसत्या केसांवरून प्रेक्षकाला दोन जगं कळतील. दिग्दर्शकाला सांग हे.)

आता तयारी. आदल्या दिवशी केस दोनदा शाम्पूने धू. रोज खोबरेल तेल लावणाऱ्या केसांत एका धुण्याने तेल निघत नाही, आणि तेलकट केसावर जेल धरत नाही, सरकतं. तुझा चिकटा झाला त्याचं हे दुसरं कारण असणार. कंडिशनर लावायचं तर फक्त टोकांना. शेवटचं पाणी बोअरचं नको. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड. त्यातले क्षार केसावर बसतात, वाळल्यावर केस राठ लागतो आणि जेल पांढरं दिसतं. प्यायच्या पाण्याचा एक तांब्या शेवटी डोक्यावरून ओत, पुरतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, त्या दिवसांत मी गिऱ्हाइकाचं डोकं स्प्रेच्या बाटलीने भिजवायची सवय लावून घेतली. ती आजही मोडलेली नाही, कारण फिंगर वेव्हला बाटलीच बरी. केस नळाखाली धरल्यासारखा निथळत नको, पण मुळापर्यंत ओला हवा.

जेल बाजारातलं चालतं, पण मी जवसाचं करते. त्या काळातही अशा बियांचा आणि डिंकाचा चिकट रस केस बसवायला वापरत. आपल्या घरात जवस चटणीसाठी असतंच. मात्र कच्चं घे, भाजलेलं नको. दोन मोठे चमचे जवस आणि दोन कप पाणी, मध्यम आचेवर. सारखं ढवळत राहा, नाहीतर बुडाला गोळा होतो. सहा-सात मिनिटांनी पाण्यावर पांढरा फेस येतो. चमचा उचलून बघ. आधी थेंब पडतात, मग थेंबाला शेपूट येतं, मग चमच्यातून अंड्याच्या पांढऱ्यासारखी न तुटणारी तार लोंबते. तार दिसली की तत्क्षणी गॅस बंद कर आणि गरम असतानाच पातळ ओढणीच्या तुकड्यातून गाळ. गार होऊ दिलंस तर ते फडक्यातून उतरत नाही, कितीही पीळ. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. आंबूस वास आला की फेकून दे. त्यात ग्लिसरीन घाला असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. पावसाळी हवेत घालू नकोस. ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं, आणि ओल हीच आपली वैरीण. पहिल्यांदा लावण्याआधी थोडं जेल कानामागे लावून एक दिवस बघ, खाज येते का ते.

सामान थोडंच: शेपटीचा कंगवा, बारीक आणि मध्यम दात असलेला, लांब चपट्या क्लिपा आठ-दहा, काळ्या पिनांची दोन पाकिटं, अंबाड्यासाठी आकडे, केसांची जाळी. पिना नव्या घे. रंग उडालेली पिन ओल्या केसात रात्रभर राहिली तर गंजते आणि डाग सोडते.

आता खरं काम. भांग डावीकडे पाड, डाव्या भुवईच्या कमानीच्या वर येईल असा. टाळूपासून दोन्ही कानांपर्यंत आडवी रेघ मारून पुढचे केस वेगळे कर, मागचे बांधून टाक. पुढचे केसही तुझे दाट असणार. सगळे एकत्र घेतलेस तर वरच्या थरात लाट दिसेल आणि खालचा थर तिला उचलून फेकेल. म्हणून खालचा अर्धा थर मागे चापून वेणीत घाल, लाट फक्त वरच्या पातळ थरात. दाट केसांना हे कुणी सांगत नाही आणि तिथेच सगळ्या पोरी फसतात.

उजवीकडे, जिकडे केस जास्त, तिथून सुरू कर. पाणी मार, जेल लाव, आणि केस भांगापासून आधी मागे, मग पुढे असे वळवत इंग्रजी सी अक्षरासारखे विंचर. आता डाव्या हाताची तर्जनी कपाळाच्या कडेशी, भांगापासून दोन-तीन बोटं खाली, केसांवर आडवी दाबून ठेव. अगदी बोटाखाली कंगव्याचे दात टाळूला टेकेपर्यंत घाल आणि कंगवा बोटाच्या टोकाकडे, म्हणजे चेहऱ्याच्या दिशेने, इंचभर सरकव. वर उचलायचा नाही, नुसता बाजूला सरकवायचा. बोटाखालचे केस जागेवर, कंगव्यातले पुढे. मधे एक उंचवटा उठतो. त्याला मी वरंबा म्हणते, शेतातल्या सरी-वरंब्यातला. कंगवा न काढता तसाच डोक्यावर आडवा निजव, म्हणजे वरंबा धरून राहील. आता डावा हात बदल: मधलं बोट वरंब्याच्या वर, तर्जनी कंगव्याच्या दातांवर. दोन बोटं जवळ आणून वरंबा हलकेच दाब. चिमटीत धरून वर ओढायचा मोह होतो. ओढलास की तो आडवा पडतो आणि सुकल्यावर घडी पडल्यासारखा दिसतो. मग कंगव्याचे दात खाली वळव आणि खालचे केस उलट दिशेला, मागे, अर्धगोल विंचर. ही झाली सरी.

हेच दोन-दोन बोटं पुढे सरकत कपाळापासून टाळूपर्यंत. प्रत्येक तुकड्याचा वरंबा आधीच्याला असा जुळला पाहिजे की बोट फिरवलं तर सांधा लागू नये. टाळूशी पोचलीस की पहिली ओळ पुरी. दुसरी ओळ टाळूकडून कपाळाकडे, आणि आता कंगवा मागच्या दिशेने सरकवायचा. पहिलीत पुढे, दुसरीत मागे, तिसरीत पुन्हा पुढे. दिशा चुकली तर लाट होत नाही, पायऱ्या होतात. दोन वरंब्यांत साधारण दोन बोटांचं अंतर. प्रत्येक वरंब्याच्या कडेने चपटी क्लिप लाव. सरीत आडवी लावू नकोस, तिचा वळ राहतो.

रंगमंचासाठी एक खास गोष्ट. दहाव्या रांगेतल्या माणसाला केस दिसत नाहीत, त्याला फक्त वरंब्याची सावली दिसते. फोटोसाठी पाच बारीक लाटा छान. नाटकासाठी तीनच कर, पण रुंद आणि उठावाच्या. पोर काळ्या केसांची असेल तर हे जास्तच खरं, कारण काळ्यावर सावली हरवते. वरून थोडं चकाकणारं जेल हातानं फिरवलं की दिव्यात वरंबा चमकतो.

पहिल्या दिवशी तुझ्याच डोक्यावर करू नकोस. आरशात डावं-उजवं उलटतं आणि हात गोंधळतात. आई, बहीण, मैत्रीण, जी बसायला तयार होईल तिच्या डोक्यावर तीन-चार वेळा कर. माझ्या बाईंनी मला औरंगाबादला शिकवताना आठ दिवस फक्त पहिला वरंबा करायला लावला होता. लाट नाही, नुसता एक वरंबा. करायचा, विंचरून मोडायचा, पुन्हा करायचा. तेव्हा राग यायचा. आज डोळे मिटून हात चालतो तो त्या आठ दिवसांमुळे.

पिन कर्लला हाताची एवढी परीक्षा नाही, पण सबुरी तेवढीच. अंबाड्याखाली ठेवायच्या बटा वेगळ्या काढ, प्रत्येक बट अंगठ्याच्या नखाएवढ्या रुंद जागेतली. ओली कर, जेलचा हात लाव, मुळापासून ताणून विंचर. मग अंगठा आणि कंगव्याच्या पाठीमध्ये बट दाबून दोनदा ओढ, म्हणजे ती रिबिनीसारखी चपटी होते. चपटी झालेली बट गुंडाळताना फुटत नाही. टोक आत घे, टोकापासून मुळाकडे गुंडाळत जा, आणि गोल थेट तिच्या मुळावर निजव. टोक बाहेर राहिलं तर सुकल्यावर त्या बटेला गळासारखा आकडा पडतो, आणि तो कशानेही जात नाही. दोन पिना फुलीसारख्या लाव.

गोल मुळावर बसला तर बट घट्ट आणि टिकाऊ. मुळापासून थोडा दूर ठेवलास तर वर सरळ, खाली मोकळी हलणारी. गोल जेवढा मोठा तेवढी बट सैल. तुझे केस लांब म्हणून एकाच बटेचे खूप वेढे होतील आणि मधला भाग दोन-दोन दिवस ओला राहील. म्हणून बटा बारीक घे आणि गोल रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा ठेव. मागे सगळे मोकळे लाटेचे केस हवे असतील तर एक ओळ घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आणि खालची ओळ उलट दिशेने गुंडाळ. विंचरल्यावर दोन ओळी मिळून एक लाट होते. तुला त्याची गरज नाही, तरी करून बघ, सुंदर दिसतं.

आता वाळवणं. हे वाचून झाल्यावर एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल. जाळी बांध आणि विसरून जा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पंख्याखाली तीन तासांत लाटा खडखडीत होतात. परतीच्या पावसाच्या दिवसांत तेच काम रात्रभर घेतं, आणि पिन कर्लला कधी सकाळीही ओल असते. ड्रायर वापरायचा तर जाळीवरून, कमी वेगावर, लांबून. जोराचा वारा वरंबे उडवून लावतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. पार्लर नवं होतं तेव्हा एका शाळेच्या गॅदरिंगला मी सहावीतल्या पोरीचे असेच केस केले. ऑगस्टअखेर होती, झड लागलेली. बोट लावलं, वरून कोरडं लागलं, म्हणून सगळ्या पिना काढल्या. पोर स्टेजवर गेली आणि दुसऱ्या कडव्याला उजवीकडची लाट तिच्या गालावर उतरली. तिने नाच थांबवला नाही, पण डोळे भरले होते, आणि ते मला पडद्याआडून दिसत होते. वरून कोरडं म्हणजे कोरडं नव्हे. तेव्हापासून मी कधीही आधी एकच पिन काढते, तीही मानेजवळची, जिथे केस सगळ्यात उशिरा वाळतात. बट उलगडून वरच्या ओठावर टेकवते. बोटाला ओल कळत नाही, ओठाला गारवा लगेच कळतो. गार लागली तर पुन्हा गुंडाळून पिन लावते आणि थांबते, घड्याळात काहीही वाजलेले असोत.

पिन कर्ल सोडलेस की आधी स्प्रिंगा दिसतील, घाबरू नकोस. दाट केसांच्या ब्रशने टोकाकडून वर विंचरत जा. मधे एक वेळ येते, केस पिंजलेल्या कापसासारखे फुलतात, आणि तिथेच बऱ्याच जणी ब्रश टाकून रडकुंडीला येतात. थांबू नकोस. तळहाताला खोबरेलाचा एक थेंब चोळ, केसांवरून फिरव आणि विंचरत राहा. बटा एकमेकींत मिसळून लाट धरतात. फिंगर वेव्हला मात्र ब्रश नको. जेलचं कडक कवच तसंच ठेव, क्लिपा काढताना वरंबा दुसऱ्या हाताने दाबून धर. मागचे केस सोडून सैल अंबाडा घाल, आकड्यांनी बसव, कानामागच्या बटा खाली सोड. हेअर स्प्रे हातभर अंतरावरून, नाटकाच्या अर्धा तास आधी. जवळून मारलास तर जेल पुन्हा ओलं होतं.

प्रयोग दुपारी असेल तर आदल्या संध्याकाळी लाटा घाल आणि उशीवर जुनी रेशमी साडी पसरून झोप. सुती अभ्र्यावर लाटा घासल्या जातात. पंख्याचा भरवसा धरू नकोस, रात्री लाइट जाते. सकाळी ओठाची परीक्षा घे. मेकअप करताना कपाळाच्या कडेला ओला स्पंज लागू देऊ नकोस, पावडरचा कोरडा पफ वापर. विंगेत घाम आला तर पुसायचा नाही, टिश्यू टेकवून टिपायचा.

आणि प्रयोग संपल्यावर, कितीही दमली असलीस तरी, कोरड्या जेलमध्ये कंगवा घालू नकोस, केस तुटतात. सगळ्या पिना मोजून काढ. एखादी अंबाड्यात राहिली तर झोपेत टाळूला टोचते. कोमट पाण्याने जवस विरघळू दे, दोन-चार मिनिटं नुसतं पाणी धर, मग बोटांनी सोडव, मग शाम्पू. दुसऱ्या दिवशी आईकडून तेल घालून घे, भरपूर. दुसरा प्रयोग लगेच चार दिवसांत असेल तर तेल फक्त टोकांना.